न ऐकलेली गाणी पहिल्यांदा ऐकताना : स्थानिक कलाकारांच्या स्वतःच्या गाण्यांच्या कॉन्सर्टला जाण्याआधी आणि गेल्यावर

गाजलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमात निम्मं गाणं आपण आठवणीतून ऐकत असतो. गायकाचा शब्द अर्धवट पोचला तरी उरलेला मेंदू स्वतःच भरून काढतो. स्थानिक कलाकार स्वतःची गाणी घेऊन उभे राहतात तेव्हा ही सोय नसते. शब्द पहिल्याच फेरीत कानात पडले तर पडले, नाहीतर उरतो तो ठेका, आणि घरी जाताना आपण म्हणतो, ‘बरं होतं, पण काय म्हणत होते कळलं नाही.’ यात दोष बऱ्याचदा गाण्याचा नसतो. आपण उभे कुठे होतो, कानात काय घातलं होतं आणि किती वाजता पोचलो, यावर ते ठरतं.

कारण साधं आहे. शब्दांतले स्वर (अ, आ, इ), बेस म्हणजे खोल, जाडा आवाज, ड्रमची थाप हे सगळं खालच्या आणि मधल्या पट्टीत, म्हणजे कमी कंपनांच्या टापूत असतं आणि ते कुठेही पोचतं. क, ट, च, स, श ही व्यंजनं एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या पट्टीतल्या, २००० ते ८००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) टापूतल्या आवाजामुळे. ४००० हर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेआठ सेंटीमीटर, त्यामुळे समोरच्याचं डोकंही तिला अडवतं. ५० हर्ट्झच्या बेसची लहर सुमारे सात मीटर लांब, ती माणसांना वळसा घालून भिंतीपर्यंत जाते. म्हणून वाईट जागी उभं राहिलं की आधी शब्द जातात, ठेका सगळ्यात शेवटी. पुढचं बहुतेक सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आठवडाभर आधी : थोडंच ऐका, पण नीट

कार्यक्रमात कोण कोण आहे ते बघा आणि प्रत्येकाची तीन-चार गाणी निवडा. एक अलीकडचं, एक सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं आणि एक अगदी सुरुवातीचं. अख्खा अल्बम एकदा वाजवण्यापेक्षा तीन गाणी दोन-तीनदा ऐकलेली जास्त उपयोगी पडतात; गायकाच्या उच्चारांची लकब कानात बसली की त्याचं नवं गाणंही पटकन उलगडतं. एकदा तरी शब्द समोर ठेवून ऐका. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर. छोट्या स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत, त्यामुळे गाण्याचा अर्धा सांगाडा कानाआड राहतो.

बाकीची गाणी मुद्दाम सोडून द्या. सगळंच ऐकून गेलात तर पहिल्यांदा ऐकण्याची मजा घरातच संपते.

जुन्या कार्यक्रमाचा एखादा व्हिडिओ सापडला तर गाण्यापेक्षा मंच बघा. पूर्ण बँड आहे की एकटा माणूस आणि लॅपटॉप, प्रेक्षक बसलेत की उभे, गायक दोन गाण्यांच्या मध्ये बोलतो की नाही. बूट कोणते घालायचे इथपासून कुठे उभं राहायचं इथपर्यंतचे निर्णय त्यावरून होतात.

तिकीट

तिकिटावरची बारीक अक्षरं घरी वाचा, गेटवर नको. बघायच्या गोष्टी : बसून की उभं राहून, वयाची अट, ओळखपत्र लागतं का, एकदा बाहेर पडल्यावर परत आत सोडतात का, बॅग केवढी चालते, कॅमेरा चालतो का. परत आत सोडत नसतील तर गाडीत काही विसरणं महागात पडतं.

क्यूआर कोडचं तिकीट असेल तर ते स्थिर आहे की बदलतं, हे आधी तपासा. काही ॲपमधला कोड ठरावीक सेकंदांनी बदलतो. त्याचा स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. असं तिकीट घरच्या इंटरनेटवर ॲपमध्ये उघडून ठेवा, शक्य असेल तर फोनच्या वॉलेटमध्ये घाला, कारण गेटपाशी हजार फोन एकाच टॉवरवर तुटून पडलेले असतात. स्थिर कोडचा मात्र स्क्रीनशॉट जरूर ठेवा. स्कॅन करताना स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. काचेला कोडवरूनच तडा जात असेल तर कागदावर छापून न्या. आणि तिकीट मिळाल्याच्या आनंदात कोडसकट फोटो टाकू नका. जो आधी स्कॅन करेल तो आत जातो, दुसऱ्याला मशीन ‘आधीच वापरलेलं’ असं दाखवतं. अनोळखी माणसाकडून विकत घेतलेल्या स्क्रीनशॉटची गत बरेचदा हीच होते. दुसऱ्याचं तिकीट घ्यायचंच असेल तर ते ॲपमधूनच तुमच्या नावावर करून घ्या.

सगळ्यांची तिकिटं एकाच फोनमध्ये असतील तर सगळ्यांना एकत्रच आत जावं लागतं. एकजण उशिरा येणार असेल तर त्याचं तिकीट त्याला आधीच पाठवून द्या.

ओळखीच्या कलाकाराकडे पास मागायचा मोह टाळलेला बरा. छोट्या कार्यक्रमांत मानधन बरेचदा ठरलेली रक्कम नसून तिकीटविक्रीतला वाटा असतो, आणि पुढच्या वेळी बोलवायचं की नाही हेही त्याच आकड्यावर ठरतं. काही ठिकाणी दारावर ‘कोणासाठी आलात?’ असं विचारतात. ही नुसती गप्पा मारायची पद्धत नाही. त्यातून कोणत्या बँडने किती माणसं आणली याची नोंद होते. नाव स्पष्ट सांगा.

वेळेचं गणित

जाहिरातीतली वेळ गेट उघडण्याची आहे की गाणं सुरू होण्याची, हे पहिल्यांदा शोधा. दोन्हींत पाऊण-एक तासाचा फरक असू शकतो. पुढचं गणित साधारण असं : पहिल्या कलाकाराला २५ ते ३० मिनिटं, मधल्याला ४० ते ४५, शेवटच्याला ६० ते ९०. प्रत्येक बदलाला १५ ते ३० मिनिटं. म्हणजे सात वाजता पहिलं गाणं सुरू झालं तर साडेसातला पहिला संपतो, दुसरा ७.५० ते ८.३५, आणि मुख्य कलाकार नऊच्या सुमारास उभा राहतो. परतीची शेवटची गाडी या हिशोबात अर्धा तास जास्तीचा धरून ठरवा.

आणि पहिल्या कलाकाराच्या आधी पोचा. हा आग्रह भिडेखातर नाही. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, साधारणपणे उलट्या क्रमाने होतो : शेवटी गाणाऱ्याचा सगळ्यात आधी आणि सावकाश, पहिल्यांदा गाणाऱ्याचा सगळ्यात शेवटी, म्हणजे त्याची मांडणी मंचावर तशीच राहते. मात्र आधीच्यांचं लांबलं की कात्री बसते ती याच्याच वेळेला. त्याला समोर रिकामा हॉलही सोसावा लागतो. रिकाम्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून फिरतो. माणसं भरली की कपडे आणि अंगं वरच्या पट्टीचा घुमारा शोषून घेतात. तुम्ही शंभरजण आधी येऊन उभे राहिलात, तर पहिल्या गायकाचे शब्द खरोखर जास्त स्वच्छ ऐकू येतात.

सोबत काय न्यायचं

फार काही नाही. ओळखपत्र, चार्ज केलेला फोन, छोटी पॉवर बँक, थोडी रोख रक्कम, परवानगी असेल तर पाण्याची बाटली (अनेक ठिकाणी रिकामीच आत सोडतात), आणि कानात घालायचे इअरप्लग. बॅग छोटी, पुढे लटकवता येईल अशी. बूट बंद बोटांचे आणि वापरून सैलावलेले हवेत. काँक्रीटवर तीन-चार तास उभं राहायचं असतं, तिथे नवा बूट पहिल्याच तासात टाचेला फोड आणतो. नाडीला दुहेरी गाठ मारा. त्याचं कारण पुढे ‘गर्दी’ या भागात येईल. मोकळ्या मैदानात पावसाची शक्यता असेल तर छत्रीऐवजी रेनकोट न्या. उघडलेली छत्री मागच्या दहाजणांचा मंच झाकते.

कान

इअरप्लग घातले की गाणं नीट ऐकू येत नाही, अशी समजूत आहे. ती चुकीच्या प्लगमुळे तयार झालेली आहे.

आधी आकडे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला ८ तास राहावं, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी जे मानक काढलं, त्यात आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे नियम पाळणाऱ्या ठिकाणीही दोन तास उघड्या कानांनी उभं राहिलात तर त्या १५ मिनिटांच्या आठपट मात्रा झाली. १५ डेसिबल कमी करणारा प्लग नीट बसला तर तीच पातळी कानापर्यंत ८५ वर येते.

आता प्लग कोणता. फोमचे स्वस्त प्लग वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा जास्त दाबतात. म्हणजे नेमकी व्यंजनं जातात आणि बेस राहतो. ब्लँकेटखालून ऐकल्यासारखं वाटतं ते यामुळेच. संगीतासाठी मिळतात त्या फिल्टरच्या प्लगमध्ये सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या प्रमाणात, बहुधा १० ते २० डेसिबलने, खाली येतात. गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. गोंगाटाने सुन्न झालेल्या उघड्या कानापेक्षा या प्लगमधून शब्द पुष्कळदा जास्त कळतात. अनोळखी गाणी ऐकायला जाताना एकाच वस्तूवर पैसे घालायचे असतील तर हीच ती वस्तू.

फोमचाच हाताशी असेल तर तो घालायची रीत आहे. स्वच्छ बोटांनी तो वळून वळून काडीसारखा बारीक करा, सुरकुती राहू देऊ नका. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाचा मार्ग सरळ होतो. आत सरकवा आणि बोट तसंच २० ते ३० सेकंद धरून ठेवा, तोवर तो फुगतो. बोट लगेच काढलंत तर तो फुगता फुगता बाहेर ढकलला जातो, आणि मग लोक म्हणतात, ‘माझ्या कानात बसतच नाही.’ बसला की नाही ते बोलून बघा : स्वतःचा आवाज डोक्याच्या आत घुमला पाहिजे. समोरून बघणाऱ्याला प्लगचं टोक कानाबाहेर आलेलं दिसत असेल तर परत घाला. कापूस किंवा टिश्यूचा बोळा म्हणजे नुसतं समाधान, त्याने जवळपास काही अडत नाही.

प्लग पहिल्या गाण्याआधी घाला, कान दुखायला लागल्यावर नाही. बोलण्यासाठी काढू नका. सोबत्याला काही सांगायचं असेल तर ऐकणाऱ्याने कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा बोटाने दाबून भोक बंद करावं आणि सांगणाऱ्याने तिथे तोंड नेऊन साध्या आवाजात बोलावं. ओरडण्यापेक्षा हे जास्त ऐकू येतं, शिवाय शेजाऱ्याचं कडवं बुडत नाही.

लहान मुलांना कानावर बसणारे मफ घाला. अगदी लहानग्यांना फोमचे प्लग देऊ नका. ते काढून तोंडात घालतात.

कुठे उभं राहायचं

हॉलमध्ये शिरल्यावर मंचाकडे धावण्याआधी मागे वळून साउंडवाल्याचं टेबल शोधा. तो सगळ्या आवाजांचं मिश्रण स्वतःच्या कानांनी, त्या जागेवरून ठरवतो. म्हणून त्या टेबलाच्या थोडं पुढे किंवा शेजारी, त्याला अडथळा न करता, ही शब्दांसाठी सगळ्यात भरवशाची जागा. काही छोट्या हॉलमध्ये टेबल कोपऱ्यात नाहीतर बाल्कनीखाली ढकललेलं असतं. तिथे हा नियम गुंडाळून ठेवा आणि मंचापासून हॉलच्या अर्ध्या ते दोन-तृतीयांश अंतरावर उभे राहा.

अगदी पुढची रांग गायकाचा चेहरा बघायला उत्तम, शब्द ऐकायला बरेचदा वाईट. मुख्य स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना, उंचावर असतात आणि त्यांचा आवाज तुमच्या डोक्यावरून मागे जातो. तुम्हाला मिळतात मंचावरचे खरे ड्रम, गिटारच्या ॲम्प्लिफायरचा सरळ मारा आणि त्याखाली दबलेला गाता गळा. मंचाच्या कडेला पुढच्या रांगांसाठी छोटे स्पीकर बसवलेले दिसले तर मात्र पुढे उभं राहायला हरकत नाही.

मधोमध उभं राहावं, हे शब्दांच्या बाबतीत ठीक, पण बेसचा एक घोळ आहे. डाव्या-उजव्या सबवूफरचा (फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरचा) आवाज मधल्या रेषेवर एकाच वेळी पोचतो आणि एकमेकांत मिळून तिथे बेसचा पट्टा तयार होतो. छातीत धडधड होऊन शब्द बुडत असतील तर दोन-तीन मीटर बाजूला सरका, फरक पडतो. गायकाचा आवाज दोन्हीकडच्या स्पीकरमध्ये सारखाच सोडलेला असतो, त्यामुळे सरकल्याने काही गमावत नाही. भिंतीला, त्यातही कोपऱ्याला, टेकून उभं राहू नका. तिथे बेस साठतो. बाल्कनीखाली खोलवर वरची पट्टी पोचत नाही. आणि खाण्यापिण्याच्या काउंटरजवळचे दहा मीटर तर गप्पांसाठीच राखीव असल्यासारखे असतात.

जागा तपासायची सोपी युक्ती : मंचावरून कोणी सूचना सांगत असेल तेव्हा चालत फिरा. ‘मागचं दार बंद ठेवा’ हे वाक्य ज्या ठिकाणी प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं, ती तुमची जागा. सूचना नसेल तर दोन कलाकारांच्या मध्ये वाजणारं रेकॉर्डिंग चालतं, पण माणसाचं बोलणं जास्त खरं सांगतं.

उंची कमी असेल तर मध्ये घुसण्यापेक्षा कडेच्या पायऱ्या किंवा जिथे जमीन चढते तो भाग बघा. समोरच्या दोन डोक्यांच्या फटीत उभं राहायचं, कोणाच्या बरोबर मागे नाही. दिसतं तिथून ऐकूही येतं. वरच्या पट्टीचा आवाज नजरेसारखाच सरळ रेषेत चालतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी किंवा फार वेळ उभं राहू न शकणाऱ्यांनी आयोजकांना काही दिवस आधी लिहून जागा, रॅम्प आणि प्रवेशाचं दार नक्की करून घ्यावं. त्या रात्री गेटवरच्या माणसाला यातलं काही ठाऊक असेलच असं नाही.

मोकळ्या मैदानात आणखी एक भानगड. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या असलेल्याला ड्रमची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका जवळपास ०.३ सेकंदांनी ऐकू येतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्येच खांबांवर स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. अशा खांबाच्या अगदी शेजारी किंवा किंचित पुढे उभे राहिलात तर दोन आवाज एकमेकांवर चढतात. त्याच्या मागे, दहा-पंधरा मीटरवर या. वाऱ्याची झुळूक आली की वरची पट्टी येते-जाते, त्यावर कोणाचाच इलाज नाही.

पहिली दोन गाणी

पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज कमी वाटला तर लगेच जागा बदलू नका. साउंडवाला त्याच वेळी भरलेल्या हॉलसाठी मिश्रण जुळवत असतो. दोन गाण्यांत बहुतेक वेळा ते बसतं. तिसऱ्यालाही शब्द कळत नसतील तर हला.

मंचावर काही बिघडलं तर काय झालं ते ओळखता आलं की चिडचिड कमी होते. लांबलचक शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून फेरा सुरू झाला. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली किंवा माइक समोरच्या मॉनिटरकडे (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरकडे) वळवला तरी हे होतं. सलग घुमणारी घरघर बहुधा विजेच्या अर्थिंगची किंवा खराब केबलची. सगळा बँड अचानक थांबून एकमेकांकडे बघू लागला आणि ड्रमर कानातलं यंत्र काढतोय, तर लॅपटॉपवरचा ट्रॅक अडकला असं समजा. त्यांना कानात मिळणारा ठेका गेलाय. तार तुटली तर दोन-तीन मिनिटं जातात. अशा वेळी ‘चला, चला’ करून कोणाचंही काम लवकर होत नाही. टाळ्यांनी मात्र त्यांना श्वास मिळतो. यातूनच कधीकधी गायक एकटाच गिटार घेऊन काहीतरी सुरू करतो, आणि संध्याकाळचं सगळ्यात स्वच्छ ऐकू आलेलं गाणं तेच ठरतं.

नवं गाणं ऐकायची रीत

पहिल्या अंतऱ्यातला प्रत्येक शब्द पकडायच्या मागे लागू नका. मुखडा धरा. तो तीन-चारदा परत येणार आहे. दुसऱ्या फेरीला तो ओळखीचा वाटतो आणि तिसऱ्याला तुम्ही म्हणूही शकता. पहिल्या अंतऱ्यात कोण कोणाशी बोलतंय एवढं कळलं तरी पुरे. दुसऱ्यात गोष्ट सरकते, तिकडे लक्ष द्या. शेवटच्या मुखड्याआधी चाल बदलणारा एखादा तुकडा येतो, कवी तिथे बरेचदा मुख्य ओळ ठेवतो.

गाण्याचं नाव गायक आधी किंवा नंतर एकदाच, घाईत सांगतो, आणि नेमक्या त्याच क्षणी लोक ओरडत असतात. त्या वेळी गप्प राहा. नाव हुकलं तर स्क्रीन मंद करून चार-पाच शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. अर्थ नको, शब्दच हवेत. नंतर शोधताना अर्थाचा उपयोग होत नाही. गाणं ओळखणारी ॲप इथे सहसा हात टेकतात. ती ऐकलेला तुकडा साठवलेल्या रेकॉर्डिंगच्या ठशाशी ताडून बघतात. मंचावरचं गाणं वेगळ्या वेगात, वेगळ्या स्वरात असतं, आणि प्रदर्शितच न झालेल्या गाण्याचा ठसा असणार कुठून?

टाळी शेवटचा सूर विरल्यावर. नव्या गाण्यात फसवा शेवट असतो हे तुम्हाला माहीत नसतं, पण बँडला असतं. गायकाने माइकपासून मान मागे घेतली, ड्रमरने झांजा हाताने धरल्या, की संपलं.

दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांची फर्माईश करू नका. ज्या संध्याकाळी माणूस स्वतःचं लिहिलेलं घेऊन उभा आहे, त्या संध्याकाळी ती फर्माईश म्हणजे ‘हे बंद कर’ असंच ऐकू येतं.

फोन

एक गाणं, तेही तीस-चाळीस सेकंद, एवढं चित्रण पुरे. फ्लॅश बंद, तो तीन-चार मीटरपलीकडे जात नाही, फक्त समोरच्या टकलावर चमकतो. गायकाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करा आणि जरा खाली ओढा, नाहीतर फोन अंधाराकडे बघून चेहरा पांढराफटक करतो. मागच्या एलईडी पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात ते दिव्यांच्या लुकलुकण्याचा आणि शटरचा मेळ न बसल्यामुळे. शटरचा वेग हाताने बदलता येत असेल तर कमी करून बघा. चित्रातला आवाज फाटला असेल तर माइक अतिभाराने गुदमरलाय. स्पीकरपासून दूर, टेबलापाशी घेतलेलं रेकॉर्डिंग सगळ्यात बरं येतं. फोन छातीच्या उंचीवर धरा, डोक्यावर नाही.

अजून प्रदर्शित न झालेलं गाणं पूर्ण टाकू नका. कच्च्या रेकॉर्डिंगमधून ते आधी बाहेर पडलं की पहिल्यांदा ऐकण्याचा मान त्या फाटक्या आवाजाला जातो.

गर्दी

छोट्या कार्यक्रमात हा भाग लागत नाही, पण एकदा वाचून ठेवावा. चौरस मीटरला चार माणसांपर्यंत हलता येतं. पाचाच्या वर गेलं की धोका वाढतो, सहा-सातला गर्दी द्रवासारखी वागते : मागच्या एकाचा धक्का लाटेसारखा पुढे येतो आणि पाय उचलले जातात. अशा गर्दीतले मृत्यू बहुतेक उभ्या उभ्या, छाती दाबली जाऊन गुदमरल्याने होतात. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाआधी ११ जण गेले ते मंचासमोर नाही, प्रवेशद्वारापाशी. जागा ठरवून दिलेल्या नव्हत्या आणि दारं मोजकीच उघडली होती. म्हणून रांगेतही डोळे उघडे ठेवा.

ओळखायची खूण : हात चेहऱ्यापर्यंत न अडता नेता येत नसेल, किंवा चारही बाजूंनी खांदे लागत असतील, तर आत्ताच निघा. लाट सुरू झाल्यावर निघता येत नाही. अडकलातच तर हात मुठी वळून छातीसमोर, कोपरं बाहेर, म्हणजे फुप्फुसांना जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका. ती ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने, दोन-तीन पावलं टाका; पुढची लाट, परत तसंच. पडलेला फोन उचलायला वाकू नका. नाडीची दुहेरी गाठ यासाठीच. आपणच पडलो तर डोकं हातांत घेऊन कुशीवर आखडून घ्या आणि फट मिळताच उठा. शेजारचा पडला तर दोघांनी मिळून उभा करा आणि मागे हात करून ओरडा.

संपल्यावर

सोबत आलेल्यांनी भेटायची जागा आधीच ठरवावी, फोन लागेलच असं नाही. सगळे दाराकडे धावतात तेव्हा दहा-पंधरा मिनिटं थांबा. सीडी-टीशर्टचं टेबल त्याच वेळी मोकळं असतं आणि कलाकारही बहुधा तिथेच येतात. त्या टेबलावरच्या खरेदीतला मोठा भाग थेट त्यांच्या हाती पडतो. बोलायचं असेल तर ‘मस्त झालं’ एवढ्यावर थांबू नका. कोणतं गाणं, कोणती ओळ, ते सांगा. नव्या गाण्यातली कुठली ओळ मागच्या रांगेपर्यंत पोचली, हे त्यांना दुसरं कोणी सांगत नाही. मात्र दोन मिनिटांत मोकळं करा, त्यांना अजून वायरी गुंडाळून गाडीत भरायच्या असतात.

दुसऱ्या दिवशी कानात बारीक शिट्टी किंवा कापूस कोंबल्यासारखं वाटत असेल तर त्या दिवशी हेडफोन नको, शांतता द्या. चोवीस तासांनंतरही राहिलं, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर थांबू नका. कानाच्या डॉक्टरकडे लगेच जा, कारण अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते.

मग टिपून ठेवलेले शब्द काढा आणि गाणी शोधा. स्पॉटिफायवर ऐकणार असाल तर एवढं माहीत असू द्या : तीस सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकणं मोजत नाहीत, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच निघत नाहीत. मोठ्या गायकाला हा आकडा दिसतसुद्धा नाही. कालच्या पहिल्या कलाकाराच्या गाण्यांची मात्र तीच वेस आहे. बँडकॅम्पसारख्या, कलाकार स्वतःची गाणी आणि वस्तू विकतात अशा साइटवर विकत घेतलं तर डिजिटल गाण्यावर कंपनीचा वाटा बहुतेक वेळा १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के असतो, पैसे हाताळण्याचं शुल्क वेगळं, उरलेलं कलाकाराकडे जातं.

रेकॉर्डिंग मंचावर ऐकल्यापेक्षा संथ आणि कदाचित एखादा सूर वर वाटेल. मंचावर वेग वाढतो, आणि रोज गावं लागणारं गाणं गायक थोडं खाली उतरवून घेतात. गाणं कुठेच सापडलं नाही तर ते बहुधा अजून आलेलं नाही. चार शब्द तसेच ठेवा आणि काही महिन्यांनी पुन्हा शोधा. तोपर्यंत त्याचं नाव बदललेलं असू शकतं, दुसरा अंतराही, पण मुखडा सहसा तोच असतो.